‘ब्रेक पॅड डुप्लिकेट दिले’ या रिव्ह्यूला दुकानातर्फे उत्तर

नमस्कार सर,

तुमचा रिव्ह्यू वाचला. काउंटरवरच्या मुलाने पॅडचं खोकं तुमच्यासमोर फाडलं, खोक्यावर किमतीचे दोन आकडे होते, गाडीच्या कंपनीचा लोगो नव्हता आणि दोन महिन्यांत पुढच्या चाकातून चिरका आवाज सुरू झाला, असं तुम्ही लिहिलंय. यावरून नाना पेठेतल्या आमच्या दुकानात डुप्लिकेट माल विकला जातो, असा तुमचा निष्कर्ष आहे. यात आमच्याही चुका आहेत, त्यांच्याकडे येतोच.

खोकं फाडायला मुलांना मीच सांगून ठेवलंय. ओरिजिनल पार्टचं धड, रिकामं खोकं भंगारात गेलं की त्याला गिऱ्हाईक असतं. त्यात भलताच माल भरतात आणि ते पुन्हा बाजारात येतं. खोकं खरं, त्यावरचा होलोग्रामही खरा, आतला पॅड मात्र कुठल्यातरी शेडमधला! क्यूआर कोडचंही तसंच. एका खोक्यावरचा कोड उचलून शंभर खोक्यांवर छापता येतो, त्यामुळे स्कॅन झाला म्हणजे माल खरा असं नाही. उघडलेलं पान कंपनीचंच आहे का, तेही वाचावं लागतं. लोक खोकं उन्हात धरून निरखतात आणि आतला पार्ट न बघता पिशवीत टाकतात, हे मी रोज बघतो.

खरं तर पॅड हातात घेऊन बघावा. पाठीच्या लोखंडी प्लेटवरचा नंबर खोक्यावरच्या नंबराशी जुळला पाहिजे. लायनिंगला, म्हणजे प्लेटवरच्या घासणाऱ्या थराला, भेगा नकोत, कोपरे तुटलेले नकोत, प्लेट आणि लायनिंगमध्ये फट तर अजिबात नको. शक्य असेल तर काढलेला जुना पॅड शेजारी ठेवून जाडी, खाचा आणि भोकं ताडून बघा. नकली पॅड शहरात सिग्नलला गाडी थांबवतोही. ताम्हिणी घाट उतरताना तापला, की मग त्याची लायकी कळते.

किमतीचे दोन आकडे जीएसटीमुळे. २२ सप्टेंबर २०२५ पासून तो २८ वरून १८ टक्के झाला. आधीच्या मालावर कमी किमतीचं स्टिकर लागलं, पण जुनी छापील किंमत झाकायची नाही असा नियम होता. तुम्हाला बिल कमी किमतीचंच दिलंय.

आता लोगो. तुम्हाला दिलेला पॅड ब्रेक बनवणाऱ्या कंपनीने स्वतःच्या नावाने विकलेला आहे, म्हणून खोक्यावर गाडीच्या कंपनीचा लोगो नाही. तो डुप्लिकेट नव्हे. पण हा फरक मुलाने तुम्हाला आधी सांगायला हवा होता आणि दोन्ही पर्याय समोर ठेवायला हवे होते. त्याहून मोठी चूक बिलात आहे. तुमच्या बिलाची प्रत काढून पाहिली, त्यावर नुसतं ‘डिस्क पॅड १ सेट’ लिहिलंय. ब्रँड नाही, पार्ट नंबर नाही. अशा बिलावर तुम्हाला काहीच सिद्ध करता येणार नाही आणि मलाही. ‘हा पॅड आमच्याकडचा नाहीच’ असं म्हणायचा हक्क मी तिथेच गमावला. याबद्दल माफ करा. आता प्रत्येक बिलावर ब्रँड आणि पार्ट नंबर लिहायला लावलाय.

शेजारच्या गल्लीत ‘सेम पॅड’ निम्म्या किमतीत मिळतो, हेही तुम्ही लिहिलंय. त्या भावात तो मला कंपनीच्या डीलरकडूनही मिळत नाही. त्यांच्याकडे पार्ट नंबर लिहिलेलं पक्कं बिल मागून बघा.

आवाजाचं कारण चाक उघडल्याशिवाय सांगता येणार नाही. डिस्कला झिजून कड आली असेल, पिना कोरड्या असतील, पॅडमागची पातळ पट्टी, म्हणजे शिम, बसवायची राहिली असेल, किंवा पॅडच सदोष असेल. तुम्ही तो तुमच्या नेहमीच्या गॅरेजात बसवलात, त्या मेकॅनिकलाही सोबत आणा. पॅड काढून प्लेटवरचा नंबर आमच्या खरेदीच्या बिलाशी तुमच्यासमोर ताडून बघू. पॅडमध्ये दोष निघाला तर कंपनीच्या उत्तराची वाट न बघता पूर्ण पैसे आणि बसवण्याची मजुरी मी देईन. दोष दुसरीकडे असेल तर चाक उघडायचे पैसे घेणार नाही.

तोवर घाटात गाडी नेऊ नका. येताना सकाळी ११च्या आत या, नंतर पेठेत गाडी लावायला जागा मिळत नाही. रविवारी दुकान बंद असतं.