खुलासा : रात्रभर बाहेर राहिलेला मटणाचा रस्सा

‘रात्रभर ओट्यावर राहिलेला मटणाचा रस्सा सकाळी खळखळून उकळला की निर्धोक होतो’, हा सध्या फिरणारा दावा चुकीचा आहे. उकळीने बहुतेक जिवाणू मरतात. परंतु स्टॅफिलोकॉकससारख्या जिवाणूंनी रश्श्यात आधीच सोडलेले विष उकळूनही नष्ट होत नाही. त्यातच, वर तर्रीचा थर धरलेल्या मोठ्या पातेल्यात मधला रस्सा तासन्‌तास कोमट राहतो आणि नेमकी हीच ऊब जिवाणूंना मानवते. म्हणून रस्सा उथळ भांड्यांत काढून २ तासांच्या आत, भर उन्हाळ्यात तर तासाभरातच, फ्रीजमध्ये ठेवावा व ३-४ दिवसांत संपवावा. फेस, तार किंवा आंबूस वास आल्यास, जीव कितीही हळहळला तरी, तो टाकावाच. मात्र वास चांगला आहे म्हणजे रस्सा चांगला आहे असे नव्हे, आणि शंका असताना चव घेऊन पाहणे तर मुळीच नको.