‘नगर परिषदेत नियोजन नसतं, मर्जी असते’: या मेसेजला माझं उत्तर

गेला महिनाभर एक मेसेज इंदूर आणि आसपासच्या मराठी ग्रुपांवर फिरतोय. आधी राजेंद्र नगरच्या नणंदेकडून आला, मग सुदामा नगरातल्या भाच्याकडून, आणि शेवटी आमच्याच गावच्या गणेशोत्सव मंडळाच्या ग्रुपवर. मजकूर थोडक्यात असा: “छोट्या गावच्या नगर परिषदेत नियोजन वगैरे काही नसतं. आपण भरलेल्या करातून अध्यक्ष मर्जीतल्या वॉर्डांना रस्ते वाटतो. केलेला रस्ता वर्षात पुन्हा खोदतात, कारण त्यात कमिशन असतं. इंदूर स्वच्छतेत देशात पहिलं येतं, मग आपलं गाव का नाही? सांगून काही होत नाही. तेव्हा कर भरणंच बंद करा.”

आमचं गाव इंदूरपासून तासाभरावर, पंधरा वॉर्डांचं. मी कुठल्या पक्षाची नाही. मध्यंतरी एका पावसाळ्यात आमच्या घरात गुडघाभर पाणी शिरलं, देवघरापर्यंत. तेव्हापासून परिषदेचे कागद मागवून वाचते. मेसेजमधला राग खोटा नाही, तो माझाही आहे. पण दुखणं एकीकडे आणि लेप दुसरीकडे, असं झालंय. शेवटचं वाक्य तर आपल्याच पायावर धोंडा पाडून घ्यायला सांगतं, म्हणून हे लिहितेय.

“आपण भरलेल्या करातून.” इथेच पहिली चूक. छोट्या परिषदेच्या तिजोरीत आपला मालमत्ता कर आणि पाणीपट्टी हा लहानसा भाग असतो. मध्य प्रदेशात 1976 साली चुंगी, म्हणजे जकात, बंद झाली आणि तिच्या बदल्यात राज्य सरकार चुंगी क्षतिपूर्ती, म्हणजे भरपाई, देऊ लागलं. आमच्यासारख्या परिषदांचे पगार बहुतेक त्यावरच निघतात. विजेचं बिल थकलं तर ते त्यातून वरच्यावर कापलं जातं, गावात पोहोचतं ते उरलेलं. मग केंद्राचं अनुदान. पंधराव्या वित्त आयोगाने 2021 ते 2026 या काळासाठी दहा लाख लोकसंख्येखालच्या शहरांना जे अनुदान ठरवलं, त्यातले 60 टक्के बांधलेले होते: निम्मे स्वच्छता आणि घनकचऱ्यासाठी, निम्मे पिण्याचं पाणी, पावसाचं पाणी साठवणं आणि पाण्याचा पुनर्वापर यांसाठी. उरलेले 40 टक्के मोकळे, पण त्यातूनही पगार आणि आस्थापनेचा खर्च करता येत नव्हता.

आपल्या आज्या डाळीच्या डब्यात, तांदळाच्या डब्यात वेगवेगळे पैसे ठेवायच्या, तसंच हे. फरक एवढाच की इथे या डब्यातले त्या डब्यात टाकता येत नाहीत. कचरागाडीच्या पैशातून तुमच्या गल्लीची नाली होत नाही, अध्यक्षाने कितीही मनावर घेतलं तरी. ज्यावर कुणाचं नाव लिहिलेलं नाही, जो गावाला आपल्या अकलेने वापरता येतो, असा पैसा मुख्यतः आपल्या करातूनच येतो. कर बंद केला तर नेमका तोच डबा रिकामा होईल.

“अध्यक्ष मर्जीतल्या वॉर्डांना रस्ते वाटतो.” हे मात्र नीट बघायला हवं, कारण खरी गोम इथेच आहे आणि ती मेसेजने सांगितली त्याच्या जवळजवळ उलटी आहे.

मध्य प्रदेशात 2022 च्या निवडणुकीत महापौर थेट जनतेने निवडले, पण नगरपालिका आणि नगर परिषदांचे अध्यक्ष पार्षदांनी, म्हणजे नगरसेवकांनी, आपल्यातून निवडले. म्हणजे पंधरातल्या आठांना राजी केल्याशिवाय खुर्ची मिळत नाही. असा अध्यक्ष एकाच वॉर्डात पैसा ओतू शकत नाही. तो करतो काय, तर सरळ वाटणी. मोकळे तीस लाख हातात असले तर प्रत्येकी दोन लाख, सगळे खूश. कागदावर ते न्याय्यही दिसतं. पुढचं काम मग नियमाने चालतं: पार्षदाची मागणी, उपयंत्री, म्हणजे परिषदेचा इंजिनिअर, जागेवर येऊन दरसूचीप्रमाणे एस्टिमेट करतो, तांत्रिक मंजुरी, पीआयसी (अध्यक्ष आणि निवडक पार्षदांची समिती), परिषदेची बैठक, ऑनलाइन टेंडर, वर्क ऑर्डर, मग माप पुस्तिकेत, म्हणजे झालेल्या कामाची मापं लिहायच्या वहीत, नोंद आणि बिल. मर्जी चालत नाही असं मी म्हणणार नाही. वॉर्डातली कुठली गल्ली आधी, कुठलं बिल लवकर, यात ती चालते, मी पाहिलीय. पण आमचं घर बुडालं ते मर्जीमुळे नाही, या सम-समान वाटणीमुळे.

आमच्या गावाचा उतार माळाकडून खाली. वॉर्ड चार वर, मधे सात, तळाशी आमचा अकरा, आणि त्यापुढे रस्त्याखालची जुनी पुलिया. तिथून पाणी नाल्याला मिळतं. वॉर्ड चारला त्याच्या वाटणीत पक्की नाली मिळाली, छान खोल. पुढच्या वर्षी सातला मिळाली. अकराच्या पार्षदाने त्याच्या वाटणीत देवळासमोर पेव्हर ब्लॉक बसवले, कारण लोकांनी तेच मागितलं होतं. मीही त्या अर्जावर सही केली होती. झालं काय, पूर्वी वर शेतात, मोकळ्या प्लॉटांत रेंगाळणारं पाणी आता दोन चकचकीत नाल्यांतून धावत आमच्या दारात येऊ लागलं. तिन्ही कामं वेगवेगळी पाहिली तर तिन्ही चांगलीच. तिन्हींनी मिळून आमचं देवघर बुडवलं.

खूप पाठपुरावा केल्यावर एका मे महिन्यात परिषदेतली तरुण उपयंत्री ऑटो लेव्हल, म्हणजे जमिनीचा चढ-उतार मोजायचं यंत्र, घेऊन आली. तिच्यासोबत माणूस नव्हता, म्हणून उंच पट्टी मी धरली. “आंटीजी, स्टाफ सीधा रखना, हिलाना मत,” ती तिकडून ओरडायची. आमच्या गल्लीच्या नालीच्या तळाशी आकडा आला 1.46. मग मी पुलियाच्या तोंडाशी, गाळात चप्पल रुतवत उभी राहिले. तिथे आला 1.41. तिने यंत्र पुन्हा बसवलं, पुन्हा पाहिलं, फरक तेवढाच. मला समजावलं: पट्टीवरचा आकडा जितका मोठा, तितकी जागा खोल. म्हणजे ज्या पुलियातून पाणी बाहेर जायचं, तिचा तळ गाळ साचून आमच्या नालीपेक्षा पाच सेंटीमीटर वर आला होता. पाण्याने जायचं कुठे? ती म्हणाली, नाली नेहमी खालून वर बांधत जायची, आधी पाण्याला बाहेर काढायचं आणि मग मागे सरकायचं. आमच्या गावात वरून खाली बांधली गेली, कारण पैसा वॉर्डांच्या हद्दीने वाटला. पाण्याला वॉर्डाची हद्द ठाऊक नसते.

त्या दिवशी मला कळलं की नियोजनात पहिला प्रश्न ‘कुणाला किती’ हा नसतोच. ‘आधी काय’ हा असतो. आमच्या परिषदेत ‘कुणाला किती’ विचारलं जातं, ‘आधी काय’ फारसं नाही. तक्रार करायची तर याची करा.

“केलेला रस्ता पुन्हा खोदतात.” खोदतात, आणि काही ठिकाणी हलक्या मालाचं कामही होतं, त्याची बाजू मी घेणार नाही. पण प्रत्येक खड्ड्यामागे कमिशनच असतं हे खरं नाही. रस्त्याचे पैसे एका योजनेतून येतात. पाण्याच्या लाइनीचे दुसऱ्या, म्हणजे 1 ऑक्टोबर 2021 ला सुरू झालेल्या अमृत 2.0 सारख्या योजनेतून. दोन मंजुऱ्या, दोन टेंडरं, दोन ठेकेदार. रस्त्याचा पैसा आधी आला तर परिषद लाइनीची वाट बघत थांबत नाही, कारण खर्च दाखवून उपयोगिता प्रमाणपत्र दिल्याशिवाय पुढचा हप्ता मिळत नाही. वर्षभराने लाइन मंजूर होते आणि कटर चालतो. यावर साधा उपाय आहे: सीसी, म्हणजे सिमेंट काँक्रीटचा, रस्ता ओतण्याआधी ठरावीक अंतरावर आडवे रिकामे पाइप टाकून ठेवायचे, म्हणजे नळजोडणीसाठी काँक्रीट फोडावं लागत नाही. एस्टिमेटमध्ये ही एक ओळ आहे का, एवढं विचारलं तरी फरक पडतो. आमच्या शेजारच्या गल्लीत विचारलं गेलं, आणि पाइप पडले.

“इंदूर करतं, मग आपण का नाही?” इंदूरचं कौतुक मलाही आहे, माहेर आहे माझं. पण तुलना कशाशी करतोय? इंदूर महानगरपालिका, 85 वॉर्ड, 1956 चा कायदा. आपण 1961 च्या कायद्याखालची नगर परिषद. नर्मदेचं पाणी जलूदहून जवळपास सत्तर किलोमीटर पंपाने आणताना विजेचा खर्च डोईजड होतो, म्हणून इंदूरने फेब्रुवारी 2023 मध्ये 244 कोटींचे हरित रोखे काढले, म्हणजे बाजारातून कर्ज घेतलं, 60 मेगावॅटच्या सौर प्रकल्पासाठी. आपल्या गावाच्या कागदावर बाजार कर्ज देणार नाही.

तरी इंदूरकडून घेण्यासारखं आहे, आणि ते फुकट आहे. 2016 च्या स्वच्छता सर्वेक्षणात इंदूर पंचविसावं होतं, 2017 ला पहिलं आलं. त्यांनी सुरुवात सगळ्या शहरात एकदम केली नाही. आधी दोन वॉर्डांत घरोघरून कचरा उचलून पाहिला, चुका सुधारल्या, मग बाकीचे वॉर्ड घेतले आणि रस्त्यावरच्या कचरापेट्या काढल्या. सगळ्या वॉर्डांना पहिल्याच दिवशी थोडं थोडं दिलं असतं तर काय झालं असतं, ते आमच्या नालीने दाखवलंच आहे.

“सांगून काही होत नाही.” हे वाचून मला सगळ्यात वाईट वाटलं. याच इंदूरमध्ये शंभर वर्षांपूर्वी होळकर दरबाराने पॅट्रिक गेडिस या नगररचनाकाराला बोलावलं होतं. त्याचा इंदूरवरचा अहवाल 1918 चा. शहर कागदावर आखण्याआधी तो गल्लीगल्लीतून पायी फिरला. त्याची एक गोष्ट सांगतात: प्लेगच्या त्या दिवसांत त्याने दिवाळीची मोठी मिरवणूक ठरवली आणि जाहीर केलं की ज्या रस्त्यांवरची घरं सगळ्यात जास्त झाडून-सारवून नीट होतील, मिरवणूक त्याच रस्त्यांनी जाईल. लोकांनी शहर धुऊन काढलं. आधी कुणाचा नंबर, हे लोकांच्या कामावरून ठरलं.

आज आपल्या हातात त्याहून जास्त आहे. माहितीचा अधिकार, 2005. दहा रुपयांचा अर्ज, तीस दिवसांत उत्तर. फक्त कागदाची प्रतच मिळते असं नाही: कायद्याच्या कलम 2(जे) प्रमाणे काम प्रत्यक्ष पाहता येतं आणि साहित्याचा प्रमाणित नमुनाही मागता येतो. मी माप पुस्तिकेची प्रत मागितली होती. नालीची खोली त्यात लिहिलेली होती, मी दोरीला दगड बांधून मोजली, आणि दुसऱ्या आठवड्यात ठेकेदाराचा माणूस पुन्हा खोदायला आला.

एक चूक मात्र आपण दरवर्षी करतो. जुलैत घरात पाणी आलं की अर्ज घेऊन धावतो. तोवर वर्षाचं बजेट ठरून गेलेलं असतं, कारण ते 31 मार्चच्या आत मंजूर व्हायला लागतं आणि कामांच्या याद्या डिसेंबर-जानेवारीतच बनायला लागतात. आपण त्या वेळी हळदीकुंकवात आणि लग्नाच्या याद्यांत असतो. जुलैतल्या अर्जावर सीएमओ (मुख्य नगरपालिका अधिकारी) साहेब फार तर पंप पाठवू शकतात.

यंदा आम्ही अर्ज एका वॉर्डाचा केलेला नाही. चार, सात आणि अकरा, तिघांचा मिळून एक: या तीन वॉर्डांची वर्षाची वाटणी एकत्र करून आधी पुलियाचा गाळ काढा, तळ खाली घ्या, मग आमच्या गल्लीची नाली. त्यावर्षी चारला आणि सातला नवीन काही मिळणार नाही, हे अर्जात स्पष्ट लिहिलंय. सातच्या बायकांनी तरीही सह्या केल्या, आमचं घर बुडताना त्यांनी पाहिलंय. चारच्या सह्या राहिल्यात. रविवारी सकाळी आठपासून मी मारुतीच्या देवळात अर्ज घेऊन बसेन, लेव्हलच्या आकड्यांचा कागदही सोबत ठेवते.