'एक माणूस, एक मत, एकदाच': हा दावा का टिकत नाही

'इस्लामी पक्ष मतपेटीतून एकदा सत्तेत आले की पुन्हा मतदान होऊ देत नाहीत,' हे वाक्य अरब देशांबद्दल सतत फिरत असतं. पुरावे म्हणून तीन नावं येतात: अल्जीरिया, इजिप्त, गाझा.

अल्जीरियात इस्लामिक साल्व्हेशन फ्रंटने डिसेंबर १९९१च्या पहिल्या फेरीत ४३० पैकी १८८ जागा जिंकल्या. दुसरी फेरी लष्कराने होऊच दिली नाही. या पक्षाचे नेते अली बेलहाज लोकशाहीला उघड नाकारत होते, हे खरं. पण मतदान बंद पाडलं ते गणवेशातल्या लोकांनी.

इजिप्तमध्ये मुस्लिम ब्रदरहुड या इस्लामी संघटनेचे राष्ट्राध्यक्ष मोहम्मद मोर्सी यांनी नोव्हेंबर २०१२ मध्ये आपले आदेश न्यायालयांच्या कक्षेबाहेर नेले. त्याचं समर्थन करता येणार नाही. मात्र पुढच्या निवडणुकीत त्यांना हरवण्याची संधी मतदारांना मिळालीच नाही; जुलै २०१३ मध्ये लष्कराने त्यांना हटवलं.

गाझाचा दाखला सर्वांत वजनदार. पॅलेस्टिनी इस्लामी पक्ष हमासने जून २००७ मध्ये बंदुकीच्या जोरावर गाझा ताब्यात घेतलं आणि तिथे पुन्हा निवडणूक घेतली नाही. पण पॅलेस्टाइनच्या दुसऱ्या भागात, वेस्ट बँकेत, प्रतिस्पर्धी फतह पक्षाच्या सत्तेखालीही २००६ नंतर संसदीय निवडणूक झालेली नाही, आणि फतह इस्लामी पक्ष नाही. दोन्ही पक्षांकडे स्वतःचे सशस्त्र लोक होते, खरी अडचण तिथे आहे. शिवाय हमासने जिंकलेल्या २००६च्या निवडणुकीची पद्धतही बघा, अर्ध्या जागा पक्षयादीच्या मतांवर, अर्ध्या मतदारसंघांतून: हमासला यादीत सुमारे ४४ टक्के मतं आणि ६६ पैकी २९ जागा, पण मतदारसंघांत ६६ पैकी ४५. फतहच्या बंडखोरांनी आपल्याच पक्षाची मतं खाल्ली होती.

आता दावा करणारे वगळतात ते देश. मोरोक्कोत न्याय आणि विकास पक्ष या इस्लामी पक्षाच्या जागा २०१६च्या १२५ वरून २०२१ मध्ये १३ वर आल्या आणि त्यांनी सरकार सोडलं. अंतिम सत्ता राजाकडे असते, म्हणून हे उदाहरण अर्धंच धरावं.

ट्युनिशियाचं मात्र पूर्ण धरावं लागतं. २०११ मध्ये अन्नहदा या इस्लामी पक्षाला ३७ टक्के मतं आणि २१७ पैकी ८९ जागा मिळाल्या. मतांच्या प्रमाणात जागा देणाऱ्या पद्धतीमुळे बहुमत हुकलं, म्हणून दोन सेक्युलर पक्षांना सोबत घ्यावं लागलं. संविधानात शरियाचा उल्लेख आला नाही. २०१३ मध्ये दोन विरोधी नेत्यांच्या हत्यांनंतर देश पेटला, तेव्हा युजीटीटी ही कामगार संघटना आणि आणखी तीन संस्थांनी मध्यस्थी केली. अन्नहदाने जानेवारी २०१४ मध्ये पंतप्रधानपद सोडलं, त्याच वर्षी निवडणूक हरली आणि निकाल मान्य केला.

ती लोकशाही मोडली २५ जुलै २०२१ला, राष्ट्राध्यक्ष कैस सईद यांनी संसद गोठवली तेव्हा. ते कोणत्याही इस्लामी पक्षाचे नव्हते. अन्नहदाचे नेते आणि संसदेचे माजी अध्यक्ष राशिद घन्नूशी यांना एप्रिल २०२३ मध्ये अटक झाली.