छडी खाऊन घडलो म्हणणाऱ्यांना, एका छडीवाल्या मास्तराकडनं

गेल्या आठवड्यात एकच मेसेज माझ्या तीन ग्रुपवर आला, गल्लीच्या, भावकीच्या आणि माझ्या जुन्या विद्यार्थ्यांच्या, आणि विद्यार्थ्यांच्या ग्रुपवर तर अंगठ्यांची रांग लागली. मजकूर थोडक्यात असा, की आम्ही बापाचा पट्टा आणि गुरुजींची छडी खाल्ली म्हणून माणसात आलो, आता पालकांचे क्लास, समुपदेशन, १०९८ ही मुलांच्या मदतीची फोनलाईन, असली फॉरेनची थेरं आली आणि पोरं वाया गेली, धाक संपला म्हणून गल्लीत मारामाऱ्या होतात, उद्या पोरं फोन लावून आईबापालाच जेलात घालतील, आणि खरा धोका बाहेरच्या लोकांचा आहे तर पोरींना घरात ठेवा. खाली दोन हात जोडलेले आणि 'पटलं तर पुढं पाठवा'.

मला पटलं नाही. आणि त्यातले 'गुरुजी' म्हणजे मीच की, म्हणून लिहायला बसलोय. आधी खानापूर तालुक्यात, मग बेळगावात मराठी शाळेवर होतो, टेबलावर निगडीचा फोक कायम.

"मार खाल्ला म्हणून घडलो" हे आधी घेऊया. अरे बाबांनो, हा मेसेज टाकणारे शिकले, नोकरीधंद्याला लागले, म्हणून ग्रुपवर आहेत. त्याच वर्गातला जो सहावीत शाळा सोडून गोव्याला हॉटेलात कामाला गेला तो ग्रुपवर नाहीच, त्याचा अंगठा कुठनं येणार? फोक दोघांनीबी खाल्ला होता. घडला त्याचं श्रेय फोकाला आणि गेला तो त्याच्या नशिबानं, हा हिशोब मी पण वर्षानुवर्षं असाच मांडत आलो. २०१६ साली एलिझाबेथ गेरशॉफ आणि अँड्र्यू ग्रोगन-केलर या दोघांनी ७५ अभ्यास एकत्र करून बघितले, एक लाख साठ हजाराच्या वर मुलं, आणि तेही नुसत्या चापटीबद्दल बरं का, पट्ट्याबद्दल नव्हे. चापटीनं वागणं सुधारलं असं काही निघालं नाही, उलट जिथं चापट्या जास्त तिथं मारकुटेपणा जास्त आणि आईबापाशी नातं बिघडलेलं. आता कोणी म्हणेल, वांड पोरालाच जास्त मार बसतो, तुम्ही उलटं धरलंय. शंका रास्त आहे, पण मग इतक्या मारानं तो वांडपणा कमी तरी व्हायला पाहिजे होता ना.

फॉरेनची थेरं म्हणे. १०९८ ची लाईन १९९६ ला मुंबईत सुरू झाली, रस्त्यावरच्या पोरांसाठी. गुजरातच्या गिजुभाई बधेकांनी भावनगरला १९२० साली बालमंदिर काढलं, मारही नाही आणि बक्षिसाचं आमिषही नाही, आणि त्यांच्याबरोबर काम केलेल्या ताराबाई मोडक आपल्याच, अंगणवाडीची कल्पना त्यांची. हे सगळं मला ट्रेनिंगला होतं, पेपरात लिहिलं, पास झालो, आणि शाळेवर हजर झाल्यावर पहिल्यांदा काय केलं तर मागच्या कुंपणावरनं फोक तोडला! आणि आपल्या जिल्ह्यातलंच बघा, घटप्रभेची मास संस्था, माजी देवदासी बायकांनी उभी केलेली. सौंदत्तीच्या यल्लम्माला पोरी सोडायला बंदी करणारा कायदा १९८२ चा, पण गावोगाव फिरून, घरात बसून बोलून ती पोर वाचवायचं काम या बायकांनी केलं, ज्यांना स्वतःला लहानपणी कुणी विचारलं नव्हतं. हे फॉरेनचं काय?

आता ते "धोका बाहेरच्यांचा". इथं जरा थांबतो, कारण मेसेजमधलं सगळ्यात घातक वाक्य हेच आहे. केंद्राच्या महिला व बालविकास खात्याचा २००७ चा अभ्यास आहे, १३ राज्यं, १२,४४७ मुलं. तिनातल्या दोघांना मार बसलेला, निम्म्याहून जास्त मुलांनी कुठला ना कुठला लैंगिक त्रास सांगितला, त्रास देणाऱ्यांतले निम्मे ओळखीचे, विश्वासातले, आणि बहुतेक मुलांनी तोवर कुणाला सांगितलंच नव्हतं. त्यात मोजलेली मुलं म्हणजे माझाच वर्ग होता असं समजून परत वाचा.

माझ्याकडं एक पोरगा होता, हुशार, मध्येच शाळा बुडवायला लागला. मी दोनदा फोक दिला, घरी निरोप धाडला, तिथं बापानं आणि दिला. बऱ्याच वर्षांनी एका लग्नात जेवताना शेजारी बसला आणि हळूच म्हणाला, सर, शाळेच्या वाटेवर एक ओळखीचाच माणूस त्रास द्यायचा, त्या वाटेनं येऊ नये म्हणून बुडवत होतो. मी म्हटलं, मला का सांगितलं नाहीस रे? तर म्हणाला, सांगायलाच आलो होतो एकदा, पण तुमच्या हातात फोक होता. ताटातली जिलेबी तशीच राहिली माझी.

म्हणजे ज्याला तुम्ही धाक म्हणता त्याचं काम काय, तर पोराचं तोंड बंद करणं. तिकडं वाटेवरचा माणूस पण तेच सांगतो, कुणाला सांगशील तर बघ. दोघांची भाषा एकच झाली मग. अनोळखी माणसाकडनं चॉकलेट घेऊ नको एवढं शिकवून भागत नाही, ओळखीच्या माणसाबद्दल घरात सांगितलं तर आधी मला मार बसणार नाही ही खात्री पोराला पाहिजे, आणि ती खात्री रोजच्या बारीकसारीक गोष्टीतनं येते, बाटली फुटली, मार्क कमी पडले, तेव्हा आपण काय केलं त्यातनं.

आणि पोरींना घरात ठेवून होतं काय, तर स्थळं यायला लागतात. कर्नाटकात २० ते २४ वयाच्या बायकांत २१.३ टक्के जणींचं लग्न अठराच्या आत झालेलं, हे पाचव्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत आहे. इकडं अंगणवाडीच्या बाईंना सुगावा लागला की पलीकडं महाराष्ट्रात चंदगड-गडहिंग्लजला नेऊन लग्न लावू असं म्हणणारे मी ऐकलेत, त्यांनी ऐकून ठेवा, गुन्हा तिकडं पण आहेच. फरक एवढाच की कर्नाटकानं २०१६ च्या दुरुस्तीनं असं लग्न मुळातच रद्दबातल ठरवलं, केंद्राच्या कायद्यानं ते पोरीला कोर्टात जाऊन रद्द करून घ्यावं लागतं.

जेलात घालण्याचं म्हणाल तर, १०९८ लावला की लगेच बेड्या येत नाहीत. हरवलेलं पोर, हॉटेलात राबणारं पोर, ठरलेला बालविवाह, असल्या गोष्टींना तो फोन आहे, २०२३ पासनं सरकारच चालवतंय, ११२ ला जोडलेला. ज्या पोराला आसऱ्याची गरज आहे त्याला २४ तासांत बाल कल्याण समितीपुढं न्यावं लागतं, आणि पोराला संस्थेत ठेवणं हा शेवटचा उपाय, आधी घर, असं बालन्याय कायद्यातच लिहिलंय. क्रूरपणा केला तर शिक्षा आहे, तीन वर्षांपर्यंत, आणि असायलाच पाहिजे. शाळेतली छडी तर २००९ च्या शिक्षण हक्क कायद्यानंच गेली.

गल्लीतल्या मारामाऱ्या खऱ्या आहेत, नाही म्हणत नाही. पण ज्याचा हात मोठा त्यानं मारायचं हे पोरगं शिकलं कुठं? मुंबईत 'परिवर्तन' म्हणून कार्यक्रम झाला, क्रिकेटच्या कोचनी सरावाच्या वेळेतच पोरांशी राग, शिव्या, पोरींशी वागणं यावर बोलायचं. आपल्याकडं तर गल्लीगल्लीत मंडळं आहेत, तालमी आहेत, वस्ताद एक शब्द बोलला की पोरं ऐकतात, घरच्यांचं ऐकत नाहीत ती पण.

या कार्यक्रमांत खोट नाही असं नव्हे. आमच्याकडच्या एका पंचायतीत मक्कळ ग्रामसभा, म्हणजे मुलांची ग्रामसभा, मी स्वतः बघितली, सगळं कन्नडात, मागं बसलेल्या मराठी आया नुसत्या मान हलवायलेल्या आणि पोरांना बोलायला मिळालं ते फोटोपुरतं. भांडायचं असेल तर त्यावर भांडा, मी पण येतो.

हे सगळं मी ग्रुपवर टाकलं तर अर्धा दिवस शांतता. मग वडगावातला एक जण, मागावर काम करतो, त्यानं खासगीत विचारलं, सर ते ठीक आहे, पण पोरगं ऐकतच नाही आणि माझं डोकं फिरतं, मग करायचं काय? त्याला लिहिलं, एका वेळी एकच गोष्ट सांग, चार नको. अभ्यास नाही केला तर मोबाईल नाही हे आदल्या दिवशी ठरव, राग आल्यावर नको. चांगलं केलं तर काय चांगलं केलं ते नाव घेऊन सांग. डोकं फिरलं की आधी तू घराबाहेर ये, कोपऱ्यापर्यंत जाऊन परत ये. आणि रोज दहा मिनिटं माग बंद करून त्याच्याजवळ बस, अभ्यासाचं सोडून काहीबी बोल.

त्याचं उत्तर आलं, माग बंद केला तर दहा मिनिटांचे पैसे कोण देणार सर? ते पण खरंच आहे.