तिसरा गिअर हाताला धरून

आमच्या गाडीचा तिसरा गिअर बायकोच्या हातावर चालतो. म्हणजे मी गिअर टाकायचा आणि तिने दांडा धरून बसायचं. उतारावर मी ॲक्सिलरेटर सोडला आणि तिचा हात जरा सैल पडला, की 'खट्' असा आवाज होतो आणि दांडा आपण होऊन न्यूट्रलमध्ये जाऊन बसतो. मग इंजिन एकीकडे, चाकं एकीकडे आणि मधोमध आम्ही दोघं, १९२७च्या ब्रेकच्या भरवशावर. त्या ब्रेकने गाडी थांबत नाही. आपली थांबायची इच्छा आहे एवढं गाडीला कळतं.

"अहो, तळहाताला घट्टा पडलाय माझ्या," ती म्हणाली. तेव्हा मी गिअरबॉक्स उघडायचं ठरवलं.

सिंक्रोमेश, म्हणजे गिअर आपोआप जुळवून बिनआवाज पाडणारी सोय, कॅडिलॅकने १९२८ साली आणली. म्हणजे आमची गाडी सुखाच्या एक वर्ष अलीकडची. गिअर उतरवायचा तर क्लच दाबा, न्यूट्रल करा, क्लच सोडा, इंजिनाला थोडी रेस द्या, पुन्हा क्लच दाबा आणि मग दांडा ओढा. जमलं तर चिडीचूप. नाही जमलं तर असा आवाज येतो की रस्त्यावरची माणसं आपलं काही पडलं का म्हणून खाली बघतात. त्या प्रत्येक करकरीत दातांच्या टोकाचा एखादा कण तेलात जातो. मी ही गाडी अकरा वर्षं चालवतोय, तेव्हा आत दात शिल्लक असतील का अशीच मला धास्ती होती.

आधी तेल काढलं. अकरा वर्षांत मी ते फक्त वरून भरत आलो होतो, कारण खालून ते आपोआप कमी होत होतं. (त्या काळी ऑइल सील नसायचे. कुठे नमद्याची चकती, कुठे शाफ्टवर कोरलेले उलटे आटे. तेलाने मनावर घेतलं तर दोन्हीतून वाट मिळते.) तळाचा प्लग उघडला तर शेवटी काळ्या चिखलाबरोबर लाकडाचा भुसा आला. घरघर करणाऱ्या बॉक्सात भुसा कोंबायचा, आवाज दबतो तेवढ्यात गाडी विकायची, ही फार जुनी युक्ती. व्यवहाराच्या वेळी 'कसा लोण्यासारखा चालतोय बघा' असं मला सांगण्यात आलं होतं आणि मी मान डोलावली होती.

बॉक्स खाली कसा आला ते विस्ताराने सांगत नाही. जॅक सरकला, बॉक्स माझ्या छातीवर विसावला आणि आम्ही बराच वेळ एकमेकांकडे बघत राहिलो.

झाकण काढल्यावर मी दात पाहिले. टोकं बोथट झालेली, कडेला धातूची मिसरूड फुटलेली. मी लगेच नव्या गिअरची स्वप्नं पाहू लागलो. एक जाणते मित्र आले होते. त्यांनी चष्मा कपाळावर सरकवला आणि म्हणाले, "दातांचं मग बघू. स्प्रिंग कधी बदललीस?"

ही गोष्ट मला माहीतच नव्हती. गिअर पुढेमागे सरकवणारा फोर्क ज्या सळईवर बसतो तिच्यावर तीन खाचा असतात. वरून एक स्प्रिंग पोलादी छर्रा दाबून धरते. छर्रा खाचेत पडला की गिअर जागेवर राहतो. म्हणजे एवढा अगडबंब लोखंडी संसार शर्टाच्या बटणाएवढ्या छर्ऱ्यावर उभा. स्प्रिंग म्हातारी झाली की छर्रा नुसता खाचेच्या दारात उभा राहतो, आत जात नाही.

"सळई काढताना भोकावर फडकं धर," मित्र म्हणाले. मी सळई ओढली आणि मग फडकं शोधायला वळलो. टण्, मग दूर कुठेतरी टिक्, आणि मग शांतता. पुढचा दीड तास मी शेडच्या फरशीवर पालथा होतो. वाळका रंग, तीन वॉशर आणि मागच्या वर्षी हरवलेला दहाचा पाना सापडला. छर्रा कपाटाखाली नव्हता, बाकाखाली नव्हता. तो माझ्या शर्टाच्या खिशात निघाला.

स्प्रिंग शेजारच्या स्प्रिंगीला लावून पाहिली. दोन मिलिमीटर आखूड. आता स्प्रिंग नवी मिळेपर्यंत डोक्यावर एक वॉशर ठेवून काम भागतं. एकाने भागतं तर दोनाने उत्तम भागेल, म्हणून मी दोन ठेवले. गिअर पुन्हा कधी सुटणार नाही याची खात्री झाली, कारण तो पडतच नव्हता. दोन्ही हातांनी लोंबकळून दांडा हलवला तेव्हा सळई वाकायला आली. एक वॉशर निमूट काढला.

फोर्क एका अंगाने दीड मिलिमीटर झिजला होता. त्यामुळे गिअर पुरता आत जात नव्हता, दात निम्म्या रुंदीवर घासून तिरपे झाले होते आणि तिरपे दातच गिअरला बाहेर ढकलत होते. फोर्कवर ब्राँझचा थर चढवला आणि तीन संध्याकाळी कानस घेऊन बसलो. दोन फटके, बसवून बघा, काढा, पुन्हा दोन फटके. दातांची मिसरूड बारीक दगडाने उडवली. पॅकिंगसाठी कागद बॉक्सच्या कडेवर ठेवून गोल डोक्याच्या हातोडीने हलकेच ठोकत गेलो, की कागद कडेवर आपोआप कापला जातो. सबंध दुरुस्तीत मला पहिल्या फटक्यात जमलेली ही एकच गोष्ट.

झाकण बसलं. बोल्ट आवळले. ताटलीत एक पिन उरली होती.

मी तिच्याकडे पाहिलं. कारखान्याने जादाची दिली असेल, शर्टाला आतून बटण शिवतात तशी. पण मन मानेना. बाकावरच दांडा हलवून पाहिला तर दुसरा आणि तिसरा गिअर एकाच वेळी पडले आणि शाफ्ट जो अडकला तो हलायचं नाव घेईना. दोन सळयांच्या मधल्या भोकात ती पिन असते. एक सळई सरकली की ती दुसरीला अडवते. रस्त्यावर हे झालं असतं तर मागची चाकं जागच्या जागी जाम झाली असती. मी झाकण पुन्हा काढलं. या वेळी फडकं आधी धरलं.

तेल साधंच घातलं. नव्या डब्यांवर दिमाखात जीएल-५ असा गिअर तेलाचा दर्जा लिहिलेला असतो, पण त्यातली गंधकाची रसायनं जुन्या ब्राँझच्या बुशांना बाधतात.

रविवारी दोघं निघालो. तोच उतार. तिसरा टाकला, ॲक्सिलरेटर सोडला. 'खट्' नाही. गाडी इंजिनाच्या लगामात सावकाश उतरत होती. मी विजयी मुद्रेने शेजारी पाहिलं. तिचा हात दांड्यावर होता.

"अगं, सोड की आता!"

"तुम्ही आधी ब्रेकवर पाय ठेवा," ती म्हणाली, "मग सोडते."