मुंबईचं इंटिरिअर मुंबईतच राहू द्या

कोल्हापुरातनं अधूनमधून एक फोन येतोच. कुणीतरी घराचं काम काढलेलं असतं, चुलतभावानं, मावसबहिणीनं नाहीतर शाळेतल्या एखाद्या मैत्रिणीनं, आणि प्रश्न ठरलेला, "तू मुंबईत फ्लॅटचं काम केलंस तेव्हा सीलिंगला काय केलतंस गं? फोटो पाठव की." मी फोटो पाठवते पण मनात म्हणत असते, बाई गं, तुला हे कशाला पाहिजे?

आता यावर शिव्या पडणार हे माहितीय, "मुंबईला गेली आणि आम्हाला शिकवायला लागली" वगैरे. पण माझं म्हणणं बरोबर उलटं आहे. मुंबईचं जे इंटिरिअर तुम्ही रील्समध्ये बघता ना, त्यातली निम्मी गोष्ट ही सुंदर दिसावी म्हणून केलेलीच नसते, ती अडचणीवर काढलेली तोड असते. आणि ती अडचणच ज्या गावात नाही तिथं लोक ती तोड पैसे देऊन बसवून घ्यायला लागलेत.

आधी मुंबईत तुमच्या हातात काय असतं ते सांगते. मी मुलुंडला राहते, बिल्डिंग जुनी आहे. बाहेरची भिंत सोसायटीची. कॉलम-बीमला हात लावायचा नाही. खिडकी बाहेरून बदलायची नाही कारण एलेव्हेशन, म्हणजे बिल्डिंगचं बाहेरचं रूप, बिघडतं. संडास-बाथरूम इकडचं तिकडं सरकवायचं नाही कारण खाली कुणाचं तरी स्वयंपाकघर असतं. मग उरलं काय? चार इंची विटांच्या मधल्या भिंती, फरशी आणि रंग. नवीन टॉवरमध्ये तर तेवढंही नाही, मायवानच्या, म्हणजे ॲल्युमिनियमच्या साच्यांच्या, शटरिंगमध्ये ओतलेल्या काँक्रीटच्या भिंती असतात, मधली भिंतसुद्धा काँक्रीटची, तिथं एक जादा स्विच बसवायला खाच मारायची म्हटली तरी बिल्डरचा माणूस धावत येतो.

फरशी बदलणं, प्लास्टर, रंग असल्या किरकोळ दुरुस्तीला महापालिकेची परवानगी लागत नाही, कायद्याच्या कलम ३४२ मध्ये तशी सूट आहे. पण आमचे सेक्रेटरी काका कलम ३४२ च्या वरचे. एनओसीचा अर्ज, आर्किटेक्टचं ड्रॉइंग, डिपॉझिटचा चेक, कामगारांचे आधार कार्ड आणि फोटो. काम सकाळी १० ते ६, त्यात दुपारी २ ते ४ हातोडा बंद, रविवारी सगळंच बंद. सिमेंट लिफ्टमधून न्यायचं नाही, म्हणजे जिन्यानं, आणि चढवायची मजुरी मजल्याप्रमाणे वेगळी. रोजच्या कामाचे तास मोजले तर तुमच्या लक्षात येईल की कारागीर रोजचे दोन तास बसून असतो आणि त्याच्या बसण्याचेही पैसे आपणच देतो.

आणि डेब्रिज, म्हणजे तोडफोडीचा राडारोडा! हे कोल्हापूरकरांना सांगून पटत नाही. बाथरूम फोडलं की जुन्या सनकन स्लॅबमधनं, म्हणजे बाथरूमखालच्या खोलगट स्लॅबमधनं, विटांचे तुकडे, कोबा, जुने पाइप असं इतकं निघतं की त्या चिमुकल्या बाथरूममध्ये हे मावलं कसं असा प्रश्न पडतो. ते सगळं गोण्यांत भरायचं, वॉचमन गोण्या मोजणार, पॅसेजमध्ये रात्रभर ठेवल्या तर दंड, मग टेम्पोवाला येणार आणि गोणीप्रमाणे पैसे घेणार. स्वतःच्या पैशानं घेतलेली फरशी स्वतःच्या पैशानं फेकून द्यायची, वर टेम्पोवाल्यानं ती कुठं खाडीत नेऊन टाकली नाही ना ही काळजी वेगळी.

खालच्या मजल्यावरच्या काकूंचं काय सांगू. वॉटरप्रूफिंग झाल्यावर बाथरूममध्ये पाणी भरून ठेवतात, ट्रॅपला बोळा कोंबून, निदान २४ तास, आणि खाली ओल येते का ते बघतात. ते पाणी माझ्या बाथरूममध्ये होतं पण जीव काकूंचा टांगणीला. दर थोड्या वेळानं बेल. मला खाली घेऊन गेल्या, स्टुलावर चढायला लावलं, सीलिंगला हात लावून बघ म्हणाल्या. कोरडं होतं. "आत्ता कोरडं आहे," त्या म्हणाल्या, "उद्याचं काय?" गंमत म्हणून सांगते, पण त्यांचं काही चुकत नव्हतं. बाथरूममधलं लीकेज ज्याचं त्याने स्वतःच्या खर्चानं काढायचं हा सोसायट्यांचा नियमच आहे आणि तो पाळून घेताना शेजाऱ्यांची आयुष्यभराची बोलाचाली बंद होते.

तर अशा ठिकाणी लोक काय करणार? उंची जेमतेम नऊ-साडेनऊ फूट, स्लॅबला खाच मारता येत नाही, जुन्या बिल्डिंगमध्ये खारट हवेनं गज गंजून पोपडे सुटलेले, मधूनच बीम खाली आलेला, म्हणून फॉल्स सीलिंग. दार उघडायला जागा नाही म्हणून स्लायडिंगचं कपाट. गाद्या ठेवायला माळा नाही म्हणून बेडच्या पोटात स्टोरेज. आणि ओपन किचन का, तर ती एकच चार इंची भिंत पाडायची परवानगी मिळते आणि ती पाडली की दहा बाय पंधराचा हॉल जरा मोठा वाटतो. प्रत्येक गोष्टीमागे एक नाइलाज आहे. आम्ही तो नाइलाज वॉर्म व्हाइट लाइट लावून देखणा करतो इतकंच.

आता आबांचं घर, आमचं कोल्हापूरचं. शिवाजी पेठेत. सध्या त्याचंच काम काढलंय. सोपा म्हणजे पुढची ओसरी, माजघर, स्वयंपाकघर, मागं परडं. खाली दगडी जोतं, वर मातीतल्या विटांच्या दीड-दोन फुटी भिंती, सागवानी तुळया आणि तक्तपोशी म्हणजे लाकडी फळ्यांचं छत, मागच्या भागावर मंगलोरी कौलं. मे महिन्यात बाहेर रस्ता भाजत असताना सोप्यात पंख्याशिवाय झोप लागते. आणि भावानं आणलेल्या इंटिरिअरवाल्या पोरानं (पोरगा चांगला आहे, मुंबईत शिकलाय) पहिलंच काय सुचवलं असेल? तक्तपोशी झाकून खाली जिप्सम. कारण "लूक डेटेड आहे". अरे बाबा, मुंबईत ज्या सागवानी लाकडाचं तोंड बघायला लोक जुन्या सामानाच्या दुकानात चढ्या भावानं खरेदी करतात ते तुझ्या डोक्यावर फुकट आहे आणि तू ते पावडरच्या पाट्यांनी झाकणार?

दुसरं सुचवलं, सोपा आणि माजघर यातली भिंत काढून मोठा हॉल. तिथं मात्र मिस्त्री मधे पडले. आमचे मिस्त्री निपाणीकडचे, साठीच्या पुढचे, कमी बोलतात. त्यांनी थापीच्या दांड्यानं भिंत चार ठिकाणी ठोकून बघितली, वर तुळईकडं बोट केलं आणि म्हणाले, "ताई, ह्या भितीवर समदं बसलंय. ही काढली की वरचं खाली येतंय बगा." मुंबईतली मधली भिंत फक्त कॅलेंडर पेलत असते हो, ती काढली काय ठेवली काय, आरसीसीचा सांगाडा उभाच राहतो. जुन्या घरात भिंत हाच सांगाडा. काढायची तर आधी टेकू, मग लोखंडी गर्डर, आणि एवढं करून मिळवायचं काय, तर जो मोठेपणा घरात आधीच आहे तो.

आणि ओपन किचनचं तर बोलूच नका. तांबडा रस्सा करणाऱ्या घरात ओपन किचन! कांदा-खोबरं भाजल्याचा वास मुंबईत चिमणी ओढते असं म्हणतात, आमच्याकडे ती ओढते आणि तरीही सोफ्याला आठवडाभर वास येतो.

कोल्हापूरचं एक सुख मला मनापासून हेवा वाटावं असं आहे. मागची नहाणी पाडली तेव्हा डबर निघालं, तर शेजारच्या गल्लीतले एक काका स्वतः विचारत आले, "टाकणार असला तर आमच्या जोत्यात भराय द्या." स्वतःचा ट्रॅक्टर घेऊन आले. दगड तर आम्हीच परत वापरले, पायरीला. जुनी चौकट वखारवाल्यानं पैसे देऊन नेली. मुंबईत मी गोणीमागे पैसे मोजले तेच इथं लोक स्वतः येऊन घेऊन गेले. नियमही दोन्हीकडे वेगळे आहेत बरं का, बाकी महाराष्ट्रातल्या बहुतेक शहरांना २०२० पासून एकच विकास नियमावली लागू झाली, यूडीसीपीआर, त्यात कोल्हापूर येतं, मुंबईला मात्र स्वतःची वेगळी, डीसीपीआर २०३४. पण कोल्हापुरात माणसं नियमावली बघून घर वाढवतात का यावर मी इथं काही लिहीत नाही, माझेही नातेवाईक आहेत.

आता सगळ्यात महत्त्वाचं, आणि हे लिहिण्याचं खरं कारण. पूर. पंचगंगेची धोका पातळी राजाराम बंधाऱ्यावर ४३ फूट. ऑगस्ट २०१९ मध्ये पाणी ५५ फुटांच्या वर गेलं आणि जुलै २०२१ मध्ये परत आलं. माझी आत्या शाहूपुरीत कुंभार गल्लीकडं राहते. तिच्या मुलानं २०१९ च्या आधी नुकतंच खालच्या मजल्यावर मॉड्युलर किचन करून घेतलं होतं, मुंबईसारखं, ट्रॉल्या, सॉफ्ट क्लोज, चकचकीत शटर. पाणी उतरल्यावर आम्ही गेलो तेव्हा ते कपाट उघडायला गेलं तर शटर हातात आलं. आतला पार्टिकल बोर्ड फुगून टम्म, बोटानं दाबला की पाण्यात भिजलेल्या टोस्टसारखा चुरा. सगळं किचन उचलून रस्त्यावर. आणि मागच्या बाजूला आत्याचा जुना कडाप्प्याचा ओटा, खाली कडाप्प्याच्याच फळ्या, त्यावर बोटभर गाळ होता. पाइप लावला, ब्रश मारला, डेटॉलचं पाणी फिरवलं, दुसऱ्या दिवशी त्यावर चहा झाला.

तिसऱ्या मजल्यावर राहणाऱ्या माझ्यासारखीला पार्टिकल बोर्ड चालतो (मुंबईतही २६ जुलै २००५ ला तळमजल्यावाल्यांचं काय झालं ते विचारा). पण निळ्या रेषेच्या, म्हणजे नदीच्या पूररेषेच्या, आसपास, तळमजल्यावर, दगडी ओटा काढून भुशाचं कपाट बसवायचं? तेही दोन पूर बघितल्यावर? २०२१ नंतर त्या भागात लोकांनी परत तेच बसवलेलं मी बघितलंय. एका घरात मात्र शहाणपणा दिसला, खालची कपाटं सगळी फेरोसिमेंटची, म्हणजे लोखंडी जाळीवर सिमेंट थापून केलेली, वर फक्त ॲल्युमिनियमची शटर, आणि स्विचबोर्ड छातीच्या वर. दिसायला काही फार ग्रेट नाही. पण रीलमध्ये दिसणार नाही म्हणून कुणी कॉपी करत नाही.

वास्तूबद्दल एक वाक्य लिहिल्याशिवाय राहवत नाही. मुंबईत दार दक्षिणेला निघालं तर वास्तूवाला एक पिरॅमिड चिकटवून जातो कारण त्यालाही माहीत असतं की सेक्रेटरी काका दार हलवू देणार नाहीत. कोल्हापुरात जमीन आपली, भिंत आपली, म्हणून तोच माणूस सांगतो जिना पाडा. आणि लोक पाडतात!

मुंबईकडनं घ्यायचंच असेल तर दुसरं घ्या ना. पाणी भरून बाथरूम टेस्ट करणं घ्या, कोल्हापुरात किती घरांत करतात? खाली काकू नाहीत म्हणून ओल जोत्यात मुरत राहते आणि पाच वर्षांनी भिंतीला मीठ फुटतं. अर्थिंग तपासून घेणं घ्या. कागदावरचं कोटेशन घ्या, स्क्वेअर फुटाचा दर, मटेरियल कुठल्या कंपनीचं, पैसे कुठल्या टप्प्याला किती. आमच्याकडे अजून "बघू की, घरचंच काम हाय" यावर काम सुरू होतं, उचल दिली की मिस्त्री दुसऱ्या साइटवर, मग जोतिबाची यात्रा, मग कुणाचं तरी लग्न, मग बिगारी ऊसतोडीला. आणि कोल्हापुरात येणारा प्रत्येक पाहुणा चप्पल काढायच्या आधी मत देतो, "हितं खिडकी घ्यायला पायजे होती." मुंबईत कुणी येतच नाही, तो एक फायदा.

टाइल्स दोन्हीकडे गुजरातेतल्या मोरबीच्याच, त्यामुळे त्यावर काही भांडण नाही.

मला खरी काळजी कारागिरांची वाटते. जिप्समवाला आज फोन केला की उद्या हजर, मॉड्युलरवाले तर स्वतःहून मेसेज पाठवतात. पण कौलं शाकारणारा माणूस मिळत नाही. तक्तपोशीची फळी बदलून देणारा सुतार मिळत नाही, जो आहे त्याची मुलं लॅमिनेट चिकटवायच्या कामाला गेलीत कारण तिथं रोज काम आहे, आणि त्यात त्यांचं काय चुकलं? आपण सगळे तेच काम काढणार असू तर ते तेच शिकणार. आणखी काही वर्षांनी कुणाला जुनं घर जुन्यासारखं ठेवायचं म्हटलं तरी ठेवता येणार नाही.

आबांच्या घरात शेवटी तह झालाय. तक्तपोशी राहणार, घासून तेल-पाणी होणार. ओटा कडाप्प्याचाच. भिंत जागेवर. भावाच्या बेडरूमला फॉल्स सीलिंग होणार, त्याच्या बायकोची फार इच्छा आहे आणि ती खोली नवीन स्लॅबची आहे, म्हणून मी गप्प. आता मागची कौलं तेवढी राहिलीत आणि ती मृगाच्या आत झाली नाहीत तर यंदाही स्वयंपाकघरात पातेली मांडायची वेळ येणार. शिवाजी पेठ, मंगळवार पेठ किंवा करवीर, पन्हाळ्याकडचा कुणी कौलं शाकारणारा माणूस ओळखीत असेल तर खाली सांगा. पत्रा टाका असं कृपया कुणी लिहू नका, ते भावानं सांगून झालंय.