भिंत आमची, बघणार काका

आमच्या घराची पश्चिमेची भिंत म्हणजे पावसाळ्यात भिजत ठेवलेली गोधडी. साताऱ्यात शाहूपुरीत राहणाऱ्यांना सांगायला नको, जूनमधे यवतेश्वराच्या डोंगराकडनं एकदा झड सुरू झाली की ती सरळ आमच्या वरच्या बेडरूमवर येऊन आपटते आणि आत पोपडे सुटतात. वॉटरप्रूफिंग तीनदा केलं. तिसऱ्यांदा ओलीचा जो नकाशा उमटला तो बघून बायको म्हणाली, "यंदा कराडपर्यंत गेलंय."

मग ठरलं की बाहेरनं फायबर सिमेंटच्या शीट मारायच्या. साधा पत्रा नको, कारण त्यावर पाऊस वाजायला लागला की एकाच खोलीत बसून व्हॉट्सॲपवर बोलायची वेळ येते.

अडचण एकच, भिंत आमची पण तिच्यापुढची जागा शेजारच्या काकांची, म्हणजे परांची बांधायची ती त्यांच्या परसात, कढीपत्त्याच्या दोन्ही अंगाला पाय रोवून. काकांनी परवानगी लगेच दिली आणि तिथंच खुर्ची टाकून बसले ते चार दिवस उठलेच नाहीत.

"हा गोठ्यावरचाच पत्रा न्हवं?"

म्हटलं नाही काका, त्या जुन्या पत्र्यात ॲसबेस्टॉस असायचं, यात सिमेंट, वाळूची पूड आणि लाकडाच्या लगद्याचे धागे असतात, आणि मग प्रेशरच्या वाफेवर पक्की करतात, कुकरला लावल्यासारखी.

"किती शिट्ट्या?"

८ बाय ४ ची ८ एमएम शीट साधारण ३३ किलो भरते आणि आडवी उचलली की मधे लवते, त्यामुळे कडेवर उभी धरून न्यायची. मिस्त्री आणि त्याचा पोरगा न्यायचे, मी घरमालक या नात्यानं "सावकाश, सावकाश" म्हणायचो. आधी दर दोन फुटांवर उभे जीआय चॅनल, म्हणजे शीट बसवायच्या लोखंडी पट्ट्या, मारले. मग ग्रायंडर सुरू झाला आणि काय धुरळा म्हणता, या शीटची धूळ छातीला वाईट म्हणून मी चांगले मास्क आणले होते, ते मिस्त्रीनं हनुवटीला लावले. बाकीची धूळ काकूंच्या गच्चीवरच्या कुरडयांनी घेतली. त्याचं काय झालं ते इथं लिहीत नाही.

तिसऱ्या शीटला बाथरूमच्या एक्झॉस्टसाठी भोक पाडायचं होतं. माप मी स्वतः घेतलं, डावीकडनं २ फूट ३ इंच, कागदावर लिहून दिलं, मिस्त्रीनं तंतोतंत पाडलं. फक्त मी माप आतनं घेतलं होतं. बाहेर आल्यावर डावं उजवं होतं हे चाळिशी उलटलेल्या माणसाला माहीत असायला हवं असं बायकोचं म्हणणं. शीट उलटी करावी तर लाकडी डिझाईन एकाच बाजूला. शेवटी ती काकांनी पाण्याच्या मोटरीवर झाकायला नेली. "पाइपाला भोक आयतंच आलं की!"

चौथ्या दिवशी मिस्त्री खूश होऊन म्हणाला, "सायेब, खालची फट पन सीलंट भरून पॅक केली बघा, वरनं फ्री." झालं! शीटच्या मागं हवा खेळावी आणि आत शिरलेलं पाणी खालनं निघून जावं म्हणूनच तर ती फट ठेवायची असते, वाटल्यास पाली-उंदरांसाठी जाळी मारायची. पॅक केली तर भिंत आणि शीटच्या मधे आमची स्वतःची कण्हेर धरण योजना सुरू. फ्रीमधे भरलेलं ते सीलंट खरवडायला अर्ध्या दिवसाची मजुरी लागली.

काम एक नंबर झालं, गडद तपकिरी, सागवानासारखं. मला बघायचं होतं, पण आमच्या घरातनं ती भिंत कुठूनच दिसत नाही हे तेव्हा ध्यानात आलं. काकांच्या गच्चीवर गेलो. काकांनी चहा मागवला, दोघं बराच वेळ बघत बसलो.

"झाक झालंय," काका म्हणाले. "पण जरा फिक्का कलर घ्यायचा होतास, आमच्या किचनमधे उजेड कमी झालाय. पुढच्या वेळी इचारत जा."